दरडीतली दाढ

हत्तीची अश्मीभूत दाढ हातात घेतली की पहिल्यांदा जाणवतं ते वजन. दीड वीत लांबीची पूर्ण वाढलेली दाढ चार-पाच किलोंची सहज भरते, आणि दगड झालेली असेल तर त्याहून जड. मग बोट तिच्या माथ्यावरून फिरतं. तिथे आडव्या वरंब्यांची रांग लागते. एकेक वरंबा म्हणजे उभा लावलेला एक पत्रा. आत डेंटिन, त्याभोवती इनॅमलचं कडक वेष्टण आणि दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत सिमेंट. तीन पदार्थ, तिघांचा कडकपणा वेगळा, त्यामुळे चावताना तिघंही सारखे झिजत नाहीत. डेंटिन आणि सिमेंट लवकर खाली जातं, इनॅमलची कड वर राहते. आपल्या घरचं जातं गुळगुळीत झालं की टाकीवाल्याला हाक मारावी लागे, छिन्नीनं पुन्हा खरबरीत करून घ्यावं लागे. हत्तीची दाढ झिजता झिजता स्वतःलाच टाकी लावून घेते. ही रचना मला कुठल्याही हस्तिदंती कोरीवकामापेक्षा सरस वाटते. तिथे दाताचं सौंदर्य कारागिरानं वरून चढवलेलं असतं, इथे ते कामातून आलेलं आहे.

पुढे वाचत गेलं की वय लागतं. हत्तीला जबड्याच्या प्रत्येक बाजूला आयुष्यभरात सहा दाढा येतात, पण एका वेळी वापरात एखाद-दुसरीच असते. नवी दाढ मागून येते, सरकत सरकत पुढे जाते, पुढच्या टोकाला झिजून तुकड्यातुकड्यांनी गळून पडते. सहावी संपली की हत्तीचं जेवण संपलं. म्हणून पुढचे पत्रे किती झिजले आणि मागचे किती कोरे राहिले हे पाहिलं की मरताना तो साधारण कोणत्या वयाचा होता ते सांगता येतं. जातही इथेच कळते. आजच्या आपल्या हत्तीचे पत्रे अरुंद, एकमेकांना समांतर, इनॅमलला बारीक चुण्या पडलेल्या. स्टेगोडॉन या हत्तीच्या नामशेष नातलगाच्या दाढेवर बुटके, उतरत्या छपरासारखे कंगोरे. आणि पॅलिओलॉक्सोडॉन, म्हणजे नर्मदा-गोदावरीच्या गाळात सापडणारा तो प्रचंड सरळसुळ्या हत्ती, त्याच्या अर्धवट झिजलेल्या पत्र्यावर मधे एक लांब रेघ आणि दोन्ही टोकांना एकेक टिंब दिसतं. टिंब-रेघ-टिंब. सरावलेली नजर एवढ्यावर नाव सांगते.

हे सगळं दाढ टेबलावर ठेवूनही वाचता येतं. जे टेबलावर वाचता येत नाही, त्याच्याविषयी मला लिहायचं आहे: ती दाढ पडली कुठे होती? दरडीच्या कोणत्या थरात, कोणत्या कुशीवर, शेजारी काय होतं, कडा तुटक्या होत्या की घासून गोल झाल्या होत्या? हाडाचा रस निम्म्याहून अधिक त्याच्या जागेत असतो. जागा हरवली की उरतं ते कपाटातलं एक जड वजन आणि ‘हत्तीची दाढ, प्लाइस्टोसीन’ अशी चिठ्ठी. अशा चिठ्ठ्या आपल्या संग्रहालयांत भरपूर आहेत. त्या वाचून मला दर वेळी चडफड होते.

महाराष्ट्रातल्या अशा वस्तूंमध्ये पहिला मान नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या हत्तीचा. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथल्या गाळातला. आज लोक तिथे दुर्बिणी घेऊन पक्षी पाहायला जातात. १९०२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आलेल्या गाय पिलग्रिमनं १९०५ मध्ये या हत्तीवर लिहिलं. पॅलिओलॉक्सोडॉन नमाडिकसची कवटी समोरून पाहण्यासारखी असते. कपाळाच्या वरच्या काठावर हाडाची जाडजूड कड आडवी पसरलेली, कानाच्या अंगापासून कानाच्या अंगापर्यंत. वयाबरोबर ती वाढते, नरांत अधिक ठळक होते. ही शोभा नाही. एवढं डोकं आणि एवढे सुळे पेलून धरायचे तर मानेच्या स्नायूंना रुंद पकड लागते, ती या कडेनं दिली. सुळ्यांच्या खोबणी खाली जाताना बाहेरच्या बाजूला फाकतात, त्यामुळे चेहरा वरूनही रुंद आणि खालूनही रुंद. भव्य आणि किंचित बेढब. मला ते बेढबपण फार आवडतं.

पिलग्रिमची वाखाणण्यासारखी गोष्ट अशी की तो कवटीपाशी थांबला नाही. त्याच्या लेखाचे विषय तीन होते: ही जात कोणती, ती कुठे कुठे पसरली होती, आणि ज्या गाळात ती सापडली तो गाळ किती जुना. तिसऱ्या प्रश्नामुळे एका हत्तीचं डोकं संपूर्ण गोदावरीच्या काठाचं झालं. पुढे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळियांनी प्रवरेकाठी नेवाशाला हेच सूत्र पुढे नेलं. तिथे प्राण्यांचे अश्म आणि माणसाची दगडी हत्यारं एकाच नदीच्या गाळात, थरांच्या हिशेबानं वाचली गेली. त्यांनी त्यावर १९५६ मध्ये लिहिलं. हाडाशेजारी हत्यार सापडणं म्हणजे नुसती भर नव्हे, अर्थच बदलतो: हा प्राणी कोणीतरी पाहिला होता.

मांजरा खोऱ्याचं उदाहरण मी थोडक्यात सांगतो, पण ते मनातून जात नाही. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांना तिथल्या गाळात हत्ती आणि रानबैल यांच्याबरोबर पाणघोड्याचे अवशेष मिळाले. पाणघोड्याला दिवसभर अंग बुडवून राहायला बारमाही पाणी लागतं. त्याच मांजरेच्या खोऱ्यातल्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एवढा मोठा विरोधाभास एखाद्या कथाकारानं रचला असता तर आपण त्याला ओढूनताणून आणला म्हटलं असतं.

आता सातपुडा ओलांडू. परतवाड्याहून बैतूलमार्गे नर्मदेकडे उतरलं की नर्मदापुरम, जुनं होशंगाबाद, आणि तिथून जवळ हथनोरा. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनाकिया यांना इथे नर्मदेच्या काठावर, घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात, माणसाच्या कवटीचा वरचा भाग सापडला. उजवी बाजू बरीचशी शाबूत. त्यांनी त्याला होमो इरेक्टसची नर्मदेची उपजात म्हटलं, नंतरच्या अभ्यासकांनी तो जुना होमो सेपियन्स असावा असं मांडलं. जातीइतकाच वाद वयाचा, आणि त्या वादाचं मूळ पुन्हा जागेत आहे. गोट्यांचा थर म्हणजे पुरानं गोळा करून आणलेली भेळ. जुनं आणि नवं एकत्र लोटून आणायची नदीला सवयच असते. कवटी थरात सापडली म्हणून ती थराच्याच वयाची, असं चिकणमातीत म्हणता येतं, गोट्यांत तेवढ्या खात्रीनं म्हणता येत नाही. सोनाकियांचं मोठेपण यात की त्यांनी कवटीचा थर नोंदवला, म्हणून वाद घालायला तरी जागा उरली. नुसती कवटी कोणाच्या हातून शहरात आली असती तर वादही झाला नसता, फक्त कुतूहल झालं असतं.

नर्मदेचंच आणखी एक हाड आहे, त्याची गंमत वेगळी. सगौनी घाटाच्या बाजूला मिळालेल्या हत्तीच्या मांडीच्या हाडांबद्दल जेम्स प्रिन्सेपनं १८३४ मध्ये लिहिलं होतं. तिथल्याच एका तुकड्यावरून असिएर लारामेंडी या अभ्यासकानं अलीकडे हिशेब मांडला की तो प्राणी खांद्यापाशी ५ मीटरहून उंच आणि २० टनांच्या वर असू शकेल, म्हणजे जमिनीवर आजवर चाललेल्या सस्तन प्राण्यांत कदाचित सर्वांत मोठा. मात्र त्यानंच सांगितलं की एका तुटक्या तुकड्यावर उभा केलेला हा आकडा जपून घ्यावा. मला आकड्यापेक्षा ही सूचना जास्त शास्त्रीय वाटते. आपल्या चिखलदऱ्यात भीमानं कीचकाला मारून दरीत फेकल्याची कथा सांगतात. असं मांडीचं हाड पूर्णेच्या दरडीत निघालं असतं तर कीचकाचं नाव लागायला दुपारही लागली नसती.

उत्खननाची कला पाहायची असेल तर मात्र मी वाचकाला इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर नेईन. वेस्ट रंटन नावाचं गाव, मऊ मातीचे कडे, आणि त्यांच्या पायथ्याशी आदळणारा उत्तर समुद्र. डिसेंबर १९९० मध्ये एका वादळी रात्रीनंतर फिरायला गेलेल्या स्थानिक जोडप्याला कड्याच्या तळाशी एक मोठं हाड उघडं पडलेलं दिसलं. त्यांनी संग्रहालयाला कळवलं. ते कटीचं हाड निघालं. पुढच्या वर्षी समुद्रानं आणखी हाडं उघडली. जानेवारी १९९२ मध्ये चाचणीचं खोदकाम झालं, आणि मोठं उत्खनन १९९५ मध्ये, तीन महिने. जवळजवळ ८५ टक्के सांगाडा मिळाला. स्टेप मॅमथ हा हत्तीच्या कुळातला नामशेष प्राणी, सुमारे ७ लाख वर्षांपूर्वीचा नर, चाळिशीचा, खांद्यापाशी ४ मीटर उंच, वजन १० टनांच्या घरात.

इथवर बातमी झाली. रस पुढे आहे. या प्राण्याचा उजवा गुडघा बिघडलेला होता. हाडांवर तरसाच्या दातांच्या खुणा होत्या, जवळ तरसाची दगड झालेली विष्ठाही होती. लंगडा नर, मरतो, तरस येतात, सांगाड्याचे काही भाग ओढून नेतात. हा घटनाक्रम कोणी कल्पनेनं रचलेला नाही. कोणतं हाड कोणत्या हाडापासून किती दूर, कोणत्या दिशेनं पडलं होतं, याच्या नकाशातून तो आला. हाडं एकेक करून आधीच काढून नेली असती तर मॅमथ राहिला असता, त्याचा मृत्यू गेला असता.

दुसरी गोष्ट मला याहूनही सुंदर वाटते. हत्तीभोवतीचा गाळ फेकला नाही, चाळणीतून धुतला. त्यातून गोड्या पाण्यातले शंख, बेडकांची हाडं आणि उंदरासारख्या एका छोट्या प्राण्याचे, व्होलचे दात निघाले. त्या काळच्या पाणव्होलच्या दाढांना मुळं होती, पुढे त्याच्या वंशजांच्या दाढांची मुळं गेली. मुळं असलेला दात म्हणजे थर जुना. दहा टनांच्या हत्तीचं वय ठरवायला तांदळाच्या दाण्याएवढ्या दातानं साक्ष दिली. हे वाचून मी पुस्तक मिटून काही वेळ बसून राहिलो होतो. शिवाय त्या शंखांनी एक गोष्ट सिद्ध केली, ती आपल्या कामाची आहे: हा मॅमथ समुद्रकिनाऱ्यावर मेलाच नव्हता. तो मेला एका संथ नदीच्या काठी. समुद्र फार नंतर आला आणि त्यानं ती जुनी नदी कापून उघडी केली. म्हणजे नॉरफोकची किनारपट्टी आणि आपली नदीची डगर, दोन्हीकडे वाचायचा मजकूर एकच आहे. फाडणारा हात तेवढा निराळा.

हाड काढण्याची रीत साधी आहे, म्हणूनच ती चुकते. आधी फक्त माथा मोकळा करायचा, बाजूनं खणायचं, हाडाला हात लावायचा नाही. ब्रशनं माती झटकायची, ठिसूळ जागी पातळ केलेली राळ मुरवायची. मग ओला कागद अंथरायचा, म्हणजे वरचं प्लास्टर हाडाला धरणार नाही. त्यावर तरटाच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून गुंडाळायच्या, तेच प्लास्टर जे मोडलेल्या हाताला घालतात. ते वाळलं की खालून माती कोरत जायचं, हाड मातीच्या एका खांबावर उभं राहीपर्यंत. शेवटी खांब तोडून गठ्ठा उलटा करायचा आणि दुसरी बाजूही बांधायची. उलटा करण्याचा तो क्षण सर्वांत धोक्याचा. पण घाईची चूक त्याच्या फार आधी झालेली असते: कोणीतरी टोक धरून ओढलेलं असतं. ओलं हाड उन्हात एका दुपारी तडकतं, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं.

कधी कधी वाचवायला हाडही नसतं. नॉरफोकच्याच हेझबरो गावी मे २०१३ मध्ये लाटांनी वाळू धुऊन नेली आणि खालच्या जुन्या चिखलावर माणसांच्या पावलांचे ठसे दिसले, साडेआठ ते साडेनऊ लाख वर्षांपूर्वीचे. दोन आठवड्यांत भरती-ओहोटीनं ते पुसले. तेवढ्यात निरनिराळ्या कोनांतून फोटो घेऊन त्यांची त्रिमिती नोंद करून ठेवली होती. आज ठसे नाहीत, पण त्यांचं मोजमाप आहे. वाचवणं म्हणजे उचलून आणणंच असं नाही.

आणि आता पूर्णा. सातपुड्यात भैंसदेहीच्या बाजूला उगम पावून ती अमरावती, अकोला, बुलढाणा करत चांगदेवला तापीला मिळते. अकोल्याचे शिवभक्त श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून तिचं पाणी कावडीनं राजराजेश्वराला नेतात. त्या पाण्याखालची जमीन भूवैज्ञानिकांना दीडशे वर्षांपासून खुणावते आहे. १८६९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या पत्रिकेत पश्चिम वऱ्हाडातल्या पूर्णेच्या खोऱ्यावर स्वतंत्र लेख छापला गेला, आणि त्याच वर्षी विल्यम ब्लॅनफर्डचा तापी-नर्मदेवरचा मोठा ग्रंथ आला. गाविलगडच्या पायथ्याशी जमीन खचत गेली आणि त्या खोलगटात शेकडो मीटर जाडीचा गाळ साठला. आपला खारपाणपट्टा त्याच गाळावर आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याच्या बाजूला विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की त्या खोऱ्याचा इतिहास जिभेवर येतो.

पूर्णेनं हा गाळ खोल कापला आहे. डगरी उभ्या आहेत, बाजूनं घळी पडल्या आहेत. वरून काळी माती, खाली पिवळट-तपकिरी गाळ, त्यात चुनखडीचे खडे, कुठे घट्ट झालेल्या रेती-गोट्यांचा पट्टा. इथे वऱ्हाडच्या वाचकानं एक खास सावधगिरी बाळगायला हवी, ती नॉरफोकच्या माणसाला लागत नाही. आपली काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, पावसात फुगते. कमरेएवढ्या खोल भेगेत वरची वस्तू पडते आणि भेग मिटते. म्हणून काळ्या मातीत तीन हात खाली सापडलेलं हाड गेल्या पिढीतल्या बैलाचंही असू शकतं. खालच्या पिवळ्या गाळातलं, चुनखडीचा लेप चढलेलं, जिभेला लावलं तर चिकटणारं हाड अधिक विश्वासाचं. (जिभेचा हा प्रयोग खरा आहे. जुन्या हाडाची बारीक छिद्रं ओल शोषतात. प्रयोग करताना मागे कोणी हसत नाही ना, एवढं पाहावं.)

काठाशी दरड निरखत उभं राहिलं की कोणी गुराखी हटकतोच, “काय पाह्यता जी भाऊ? सोनं-गिनं हाय काय?” त्याला मी रानबैलाची शिंगं सांगतो. नर्मदा-गोदेच्या गाळात बोस नमाडिकस नावाचा प्रचंड रानबैल मिळतो. शिंगाचं वरचं कवच कुजून जातं, आतला हाडाचा गाभा तेवढा उरतो, आणि तोसुद्धा हातभर लांब असू शकतो. वशिंड असलेल्या आपल्या गोवंशाचा हा रानटी पूर्वज. पोळ्याच्या आदल्या दिवशी ज्या खांदाला आपण तूप-हळद लावून शेकतो, त्याची मुळं या रानबैलापर्यंत जातात. हे ऐकून गुराखी सोन्याचा विषय सोडतो, कारण बैलाची पारख त्याला माझ्याहून चांगली असते. माझ्या मते या कामाला लागणारी नजर विद्यापीठाआधी काठावर असते: ढोरं चारणारा, भोई, वीटभट्टीवाला, रेतीघाटावरचा मजूर. मांजरा असो की पूर्णा, दरडीजवळ रोज तोच असतो. रेतीघाटाचा लिलाव झाला की जेसीबीच्या एका पंजात जेवढा थर जातो तेवढा नदी काही पावसाळ्यांत नेते. यंत्राचा चालकही थांबून पाहू शकतो, पण त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून अमरावती-अकोल्याच्या वाचकाला मागणं असं. दरडीत हाड किंवा दाढ दिसली तर ओढू नका. बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून जवळून एक फोटो घ्या, डगरीची पूर्ण उंची दिसेल असा लांबून दुसरा घ्या. मोबाइलमधले अक्षांश-रेखांश, जवळचं गाव, कोणता काठ, आणि माथ्यापासून किती खाली, हे लिहून ठेवा. नदीच्या पात्रात सुटं पडलेलं मिळालं तर ते उचलायला हरकत नाही, त्याची जागा आधीच गेलेली असते. मात्र कुठे उचललं ते त्यावर चिठ्ठी लावून लिहा, आणि धुऊ नका. अमरावती विद्यापीठात भूशास्त्र विभाग आहे, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय नागपूरला आहे. दोघांनाही कळवता येतं. लटकत्या डगरीखाली उभं राहू नये, ती न सांगता येते. आणि जायचंच असेल तर आश्विनात जा: तोवर पूर्णेचं पाणी उतरलेलं असतं आणि त्या वर्षीच्या पुरानं कापलेली दरड ताजी असते.